पहिल्या धोंड्याचं वाण

बाबांचा पगार निम्मा झाला हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगितलं नाही. मला ते गव्हावरून कळलं. दरवर्षी होळी झाली की बाबा सीहोरकडून शरबती गव्हाची दोन पोती आणायचे. आई तो गहू गच्चीवर चार दिवस उन्हात घालायची, एरंडेलाचा हात लावून कोठीत भरायची, आणि त्या चार दिवसांत चिमण्या हाकलायचं काम माझ्याकडे असायचं. त्या वर्षी दाराशी पोतं दिसलं, त्यावर व्यापाऱ्याचं तेच लाल नाव होतं, पण गच्चीवर काहीच गेलं नाही. पोळी तव्यावर कशीबशी फुगायची आणि ताटात पडेपर्यंत चामड्यासारखी व्हायची. मी दोन दिवस मुकाट्याने खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "आई, गहू बदललास का गं?" आईने आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली. मग म्हणाली, "हळू बोल." गहू कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातला होता. शरबतीचं मागच्या वर्षीचं रिकामं पोतं तिने जपून ठेवलं होतं, त्यात तिने तो ओतला होता आणि पोतं मुद्दाम येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं उभं केलं होतं.

बाबा गोविंदपुऱ्यातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होते. मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तिथे बनायचे आणि त्यांची ड्रॉइंग्ज बाबा काढायचे. साताऱ्याहून लग्नाआधी इकडे हिंदी मुलखात आलेला हा माणूस वीस-बावीस वर्षं त्याच टेबलाशी, त्याच खिडकीपाशी बसला होता. एके दिवशी मालकाने ऑफिसातल्या सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "ऑर्डर नहीं है. जब तक नहीं आता, आधा मिलेगा. जिसको जाना है, दरवाजा खुला है." पन्नाशीला आलेला ड्राफ्ट्समन कुठे जाणार, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. त्याच उन्हाळ्यात त्याने स्वतःच्या बंगल्यावर दुसरा मजला चढवला. त्या मजल्याचा नकाशा कुणी काढून दिला असेल? आमच्या बाबांनी, रविवारी घरी बसून, फुकट. मी चिडले तर म्हणाले, "त्यांचीही अडचण असते गं." मला ती अडचण तेव्हा दिसली नाही आणि आज पन्नाशीकडे झुकले तरी दिसत नाही.

त्या दिवसांत आमचं घर म्हणजे एक नाटक कंपनी झालं होतं. रोज सकाळी साडेआठला बाबा स्कूटरला किक मारायचे. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा तो आवाज व्हायचा, मग फटफट करत ते इंद्रपुरीच्या चौकापर्यंत जायचे, तिथे पंक्चरवाल्याकडे स्कूटर लावायचे आणि उरलेला रस्ता पायी. संध्याकाळी चौकापर्यंत पायी, आणि मग पुन्हा किक. दूध दीड लिटरवरून अर्ध्यावर आलं तेव्हा आईने दूधवाल्याला सांगितलं, "डॉक्टरने मना किया है." चौघांपैकी कुणाला, कोणत्या डॉक्टरने, हे त्या बिचाऱ्याने विचारलं नाही. खरं तर तेव्हा घरात चौघंही नव्हतो. नंदाताईचं मार्गशीर्षात लग्न होऊन ती इंदूरला गेली होती आणि आम्ही तिघंच उरलो होतो. वाटीभर तुरीच्या डाळीत दोन वेळा भागवायचं म्हणून आमटी पाण्यासारखी व्हायची, पण तिच्यावर पडणारी फोडणी मात्र थाटाची. मोहरी तडतडली पाहिजे, हिंगाचा वास भिंतीपलीकडे गेला पाहिजे. पलीकडच्या मिश्राइन आंटी ओरडून विचारायच्या, "भाभीजी, आज क्या बना रही हैं? बड़ी खुशबू आ रही है!" आणि आमच्या आईच्या चेहऱ्यावर अशी काही चमक यायची की मला पातेलं उचलून मिश्राइनबाईंना दाखवून यावंसं वाटायचं.

मला काटकसरीचा राग नव्हता. काटकसरीत आई उस्ताद होती, आणि हे मी कौतुकाने लिहिते आहे. एका कुकरात तीन डबे लावून ती वरण, भात आणि बटाटे एकाच आचेवर काढायची. कडधान्य दोन दिवस आधी भिजवून मोड आणायची, म्हणजे शिजायला गॅस कमी लागतो. दुधीची साल, दोडक्याच्या शिरा, फ्लॉवरचे दांडे, सगळ्याची चटणी व्हायची आणि ती चटणी खरोखर छान लागायची. जुन्या चादरींच्या पिशव्या झाल्या, बाबांच्या सदऱ्यांच्या कॉलरी उलट्या होऊन पुन्हा शिवल्या गेल्या. हल्ली फोनवर बायका एकमेकींना महिन्याच्या खर्चात बचत कशी करायची याच्या युक्त्या पाठवतात, त्यातली एकही माझ्या आईला नवी वाटली नसती. माझा राग होता तो लपवण्यावर. आम्ही काही चोरी केली नव्हती. पगार आमचा कापला गेला होता, मालकाने कापला होता, आणि खिडक्या आम्ही लावून घेत होतो!

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, बारावी नुकतीच झाली होती. वर्षभर मी मिश्राइन आंटींच्या दोन्ही मुलींना गणित शिकवत होते आणि त्याचे पैसे पोस्टात साठवत होते. खातं आईच्या नावावर होतं, कारण कायद्याने मी अज्ञान. पैसे मात्र माझे होते, एकेक महिन्याचे, हातात घेऊन पोस्टात नेऊन भरलेले. ते कशासाठी हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मुलींच्या पॉलिटेक्निकात आर्किटेक्चरच्या डिप्लोमाला माझं नाव लागलं होतं. बाबांच्या टेबलाशी उभं राहून मी लहानपणापासून रेघा काढायला शिकले होते. दोन रेघा कोपऱ्यात मिळतात तिथे पेन्सिल किंचित दाबायची, दुसऱ्या टोकाला हलकी सोडायची, हे मला कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. नाव यादीत बघून आले त्या दिवशी बाबांनी आपला घरचा ड्रॉइंग बोर्ड पुसून माझ्या खोलीत आणून ठेवला होता. फी भरायची शेवटची तारीख सोमवार होती, दुपारी बारापर्यंत.

आणि त्याच वर्षी अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला वाण द्यायचं. तेहतीस अनारसे, त्यावर दिवा, जावयाला कपडे, मुलीला साडी. आमच्या आईच्या मते दिवा चांदीचा आणि ताम्हनही चांदीचं. मी म्हटलं, "तांब्याचं दे ना. देवाला तांबं चालतं." आई म्हणाली, "देवाला चालतं."

अनारशांचं आमच्या घरात जे झालं ते सांगायलाच हवं, कारण काटकसरीने माणूस कसा खड्ड्यात जातो ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. अनारशाला तांदूळ जुना लागतो. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर ओलसर सुकवून कुटायचा, गूळ घालून पीठ मुरवायचं. आईने वाचवायचं म्हणून तांदूळ घेतला तो कंट्रोलचा. चार-पाच दिवस घरात त्या आंबूस पाण्याचा वास होता, खलबत्त्याचा दणदण आवाज होता, आणि शनिवारी सकाळी खसखशीवर थापलेला पहिला अनारसा तुपात पडला तो हसला. अनारसा हसला म्हणजे कढईत विरघळून त्याचा चुरा झाला. दुसरा हसला, तिसरा हसला. आईने पिठात काय काय घातलं, आच कमी केली, जास्त केली, शेवटी कढईत नुसता तपकिरी गाळ आणि वर वाया गेलेलं अर्धा किलो साजूक तूप. ती पाटावर बसून राहिली. मग उठली, पदराने तोंड पुसलं आणि पिशवी घेऊन बाहेर गेली. दुपारी ती परतली तेव्हा पिशवीत नव्या तुपाचा डबा होता आणि न्यू मार्केटमधल्या कुणा मराठी बाईंकडून विकत आणलेलं तयार पीठ होतं. त्याखाली सोनाराकडची लाल कागदाची पुडी होती. चांदीचं ताम्हन, चांदीचं निरांजन.

मी विचारलं, "हे कशातून आणलंस?" ती तूप ओतत होती. म्हणाली, "परवा पोस्टात गेले होते."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की माझा आवाज चढला आणि ती पुन्हा खिडकी लावायला उठली, आणि त्या उठण्याने माझं डोकं आणखी फिरलं. ती म्हणाली, "अगं, दुसरी यादी लागतेच. बाबा साहेबांना भेटतील, आठ दिवस मागून घेतील. यांचा पगार आला की पहिली तुझी फी." मी म्हटलं, "आई, ते सरकारी पॉलिटेक्निक आहे, वाण्याचं दुकान नाही." ती म्हणाली, "नंदाला त्या घरात राहायचंय गं. पहिला धोंडा आहे. मान जातो." बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्या पूर्ण वेळात त्यांनी पान उलटलं नाही आणि ते उठून आतही आले नाहीत.

रविवारी सकाळच्या बसने मंडळी आली. ताई, जिजाजी आणि ताईच्या सासूबाई. जिजाजी इंदूरच्या शाळेत शिक्षक होते, साधा माणूस, पायात चप्पल. सासूबाई मात्र भारी, बसल्या जागेवरून घरभर नजर फिरवणाऱ्या. स्वयंपाक पुरणाचा होता. कटाची आमटी, भजी, तुपाची धार, आणि चार महिन्यांत आमच्या घरात न दिसलेला बासमती. मी वाढत होते. जेवणाआधी आईने जिजाजींना पाटावर बसवलं, ओवाळलं, तेहतीस अनारशांचं ताम्हन हातात दिलं. निरांजन पेटलेलं होतं. सासूबाईंनी मान पुढे करून ताम्हनाची कड बोटाने दाबून पाहिली. चांदी जाड आहे की पत्रा, ते बघत होत्या.

त्या बोटाने माझा संयम संपला. जेवताना त्या म्हणाल्या, "वैशाली काय करून राहिली पुढे? कॉलेजात नाव घातलं की नाही?" आई घाईने म्हणाली, "हो, हो, चाललंय तिचं." मी पुरणाची वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "नाही घातलं. उद्या शेवटची तारीख आहे आणि माझ्या फीचं ते निरांजन आलंय. बाबांना चार महिने अर्धा पगार मिळतोय. आम्ही कंट्रोलचा गहू खातो."

सगळ्यांचे घास थांबले. आईने डोळे मिटले. मला वाटलं, आता सासूबाई दचकतील, निदान "अगं बाई" तरी म्हणतील. त्यांनी भजं मोडलं, आमटीत बुडवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ते आम्हाला चैत्रातच कळलं हो. आमचे दीर लोखंडाचे व्यापारी, तुमच्या मालकाकडे माल जातो न त्यांचा. त्याने पैसे थकवले तेव्हाच सांगितलं त्यांनी, की स्टाफला अर्धा देऊन राहिला म्हणून."

आई म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं की. पण तुम्ही काही बोलला नाहीत, तर आम्ही कसं काढायचं? म्हटलं, लपवून राहिले तर राहू द्या. तुमचा मान राखला आम्ही."

मान राखला! तीस वर्षं झाली, हे दोन शब्द आठवले की मला अजून घाम येतो. चैत्रापासून त्यांना माहीत होतं. आमची आई दुपारच्या उन्हात, गल्ली झोपलेली असताना, कंट्रोलचा गहू दळायला नेत होती तेव्हा माहीत होतं. बाबा चौकापासून पायी जात होते तेव्हा माहीत होतं. माहीत असूनही त्या आल्या, पाटावर बसल्या, चांदीची जाडी तपासली आणि पुरण मागून घेतलं. एक पोस्टकार्ड टाकलं असतं की यंदा नुसते अनारसे द्या, तर त्यांच्या घरातलं काय गेलं असतं?

जिजाजींना मात्र लाज वाटली, हे मी कबूल करते. त्यांचे कान लाल झाले होते. आमच्या आईकडे वळून ते म्हणाले, "आई, ते ताम्हन राहू द्या. वैशालीच्या फीला होईल." आणि इथे जे झालं त्याचा मला सासूबाईंच्या बोलण्याहून जास्त राग आहे. नको म्हणणारी आमचीच आई होती. "छे छे, दिलेलं परत घ्यायचं नसतं, हेमंतराव," असं म्हणत तिने स्वतः ते ताम्हन आणि निरांजन पुसलं, सोनाराच्या त्याच लाल कागदात बांधलं आणि सासूबाईंच्या पिशवीत ठेवलं. सासूबाईंनी पिशवीची चेन लावली. ताई ताटाकडे बघत बसली होती. ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, बिचारी, सासूपुढे काय बोलणार.

सोमवारी बाबा माझ्याबरोबर पॉलिटेक्निकात आले. जायचं म्हणून त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिडकीतल्या बाबूला त्यांनी हात जोडून आठ दिवस मागितले. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "अंकल, मेरे हाथ में होता तो दे देता. बारह बजे वेटिंग वाली को बुलाना है." ती वेटिंगवाली तिथेच बाकावर आपल्या आईजवळ बसली होती, वेण्या घातलेली, माझ्याच वयाची. बारा वाजून पाच मिनिटांनी तिचं नाव पुकारलं. तिच्यावर रागावता येत नव्हतं म्हणून मी बाबांवर रागावले. परतताना चौकात पंक्चरवाल्यापाशी ते थांबले आणि स्कूटर काढायला लागले तेव्हा मी म्हटलं, "मी चालत येते. तुम्ही आवाज करत जा." हे वाक्य मी बोलायला नको होतं. ते किक मारायला उचललेला पाय खाली ठेवून, स्कूटर ढकलत माझ्यामागे घरापर्यंत आले. दुसऱ्या दिवसापासून ते थेट घरून चालत जायला लागले आणि मिश्राइन आंटींनी काय विचारायचं ते विचारून घेतलं. आभाळ काही कोसळलं नाही. उलट आंटींनी मुलींच्या शिकवणीचे दोन महिन्यांचे पैसे आगाऊ आणून दिले. चार महिन्यांपूर्वी खिडकी उघडी ठेवली असती तर हेच तेव्हाही झालं असतं.

माझं वर्ष गेलं. ते वर्ष मी महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसून काढलं, दुसऱ्यांच्या फीच्या पावत्या फाडत. पुढच्या वर्षी आर्किटेक्चरला जागा मिळाली नाही, मिळाली ती ऑफिस मॅनेजमेंटला, आणि नोकरीही पुढे त्यातलीच झाली. जगले, संसार झाला, कशाला काही कमी पडलं नाही. पण बाबांच्या त्या बोर्डवर मी नंतर एकही रेघ काढली नाही. हे सगळं मी आईच्या नावावर मांडून ठेवलं होतं. तिच्या-माझ्या प्रत्येक भांडणात, विषय कुठलाही असो, मी शेवटी त्या निरांजनावर यायचे. माझ्या लग्नात आले, माझ्या मुलीच्या बारशाला आले. ती ऐकून घ्यायची.

यंदा पुन्हा अधिक महिना आला. ताईच्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं, त्यामुळे आता वाण द्यायची पाळी तिची. तिने फोन केला, अनारसे ऑनलाइन मागवलेत, बरे असतील का गं, असं विचारायला. मी म्हटलं, "मागव. जावई शहाणा असेल तर नुसत्या अनारशांवर खूश होईल. आईसारखी चांदी नको देऊस कुणाचं वर्ष खाऊन." नेहमीचंच बोलले, सवयीने. ताई म्हणाली, "वैशू, आईने मला पत्र लिहिलं होतं तेव्हा. तांब्याचं दिलं तर चालेल का, म्हणून विचारलं होतं. वैशूच्या फीचे पैसे मोडावे लागतील, असंही लिहिलं होतं."

मी म्हटलं, "मग?"

"मी कळवलं, चांदीचंच द्या." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मोठ्या जाऊबाईंचं चांदीचं आलेलं होतं. सासूबाई रोज विचारायच्या. त्यांना सगळं माहीत आहे हे मला माहीत होतं. त्या बघत होत्या की माझ्या माहेरचे तरीही देतात की नाही. मला रोज त्या घरात राहायचं होतं गं."

"आणि मी तीस वर्षं आईला बोलत राहिले. आई होती तोवर का नाही सांगितलंस?"

"तू बोलायचीस, ती ऐकून घ्यायची," ताई म्हणाली. "मला वाटलं, चाललंय तर चालू दे."

मी फोन बंद केला. अजून तिचा उचललेला नाही. चार वेळा येऊन गेला.

आई शेवटची आजारी होती तेव्हा आम्ही साकेत नगरात खोली घेऊन राहिलो होतो, इस्पितळ जवळ पडतं म्हणून. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. ती नको म्हणत होती, मी थकले होते, आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं. तू माझं कधी ऐकलंस का, माझं वर्षसुद्धा घालवलंस, असं मी मरणाच्या दारातल्या बाईला बोलले. ताई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मोसंबं सोलत बसली होती. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून चमच्यासाठी तोंड उघडलं. पेज गिळून झाल्यावर म्हणाली, "हो गं वैशू, चुकलंच माझं."